असल उत्तरच्या शेतात रुतलेला पॅटन : सोडून दिलेल्या रणभूमीचा डायोरामा कसा घडवावा

रणभूमीचा डायोरामा, म्हणजे लहान प्रमाणात घडवलेले त्रिमित दृश्य, करायला बसणारा माणूस बहुधा पहिला प्रश्न रणगाड्याबद्दल विचारतो: कोणता घ्यावा, कोणत्या कंपनीचा घ्यावा, रंग कोणता द्यावा. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे. माणसे ही जागा सोडून गेली त्याला किती दिवस झाले, हे आधी ठरले पाहिजे. मातीचा ओलावा, मोडलेल्या पिकाचा रंग, लोखंडावरचा गंज, चाकोरीत साचलेले पाणी आणि झाकणांवर बसलेली धूळ या सगळ्यांची उत्तरे त्या एका आकड्यात असतात. तो ठरवलेला नसेल, तर ओल्या चिखलात दहा वर्षांचा गंज आणि कालच मोडलेल्या हिरव्या उसाशेजारी भेगाळलेली जमीन असे विसंगत चित्र तयार होते. पाहणाऱ्याला चूक नेमकी सांगता येत नाही, पण दृश्य खोटे वाटते.

या लेखासाठी मी १९६५च्या युद्धातील असल उत्तरची रणभूमी निवडली आहे. पंजाबमधील खेमकरणजवळ ८ ते १० सप्टेंबर १९६५ या काळात ही लढाई झाली. खेमकरणकडून पुढे येणाऱ्या पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती (रणगाड्यांच्या) डिव्हिजनसमोर आपली चौथी माउंटन डिव्हिजन असल उत्तरच्या भोवती घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चे धरून उभी राहिली. तिच्या जोडीला ब्रिगेडियर थिओगराज यांची दुसरी स्वतंत्र चिलखती ब्रिगेड होती. तिसऱ्या कॅव्हलरीचे सेंच्युरियन आणि डेक्कन हॉर्सचे शर्मन रणगाडे उंच उसाच्या आड दबा धरून होते. कालव्याचे पाणी शेतांत सोडलेले होते. त्या चिखलात पाकिस्तानचे अमेरिकी बनावटीचे पॅटन रणगाडे रुतले, आणि कित्येक ठिकाणी आतल्या सैनिकांनी ते जागीच सोडून दिले. भारतीय नोंदींनुसार पाकिस्तानने येथे ९७ रणगाडे गमावले. पुढे ते भिखीविंडजवळ गोळा करून ठेवण्यात आले आणि त्या जागेला लोक पॅटन नगर म्हणू लागले. खानदेशात बसून हा प्रसंग घडवण्यामागे माझे एक साधे कारण आहे: ऊस, पाटाचे पाणी आणि चिखलात रुतलेले यंत्र या तिन्ही गोष्टी आपल्याला पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत.

माझ्या डायोरामाचा दिवस २३ सप्टेंबर १९६५ आहे. त्या पहाटे युद्धबंदी लागू झाली. शेवटच्या मोठ्या हल्ल्याला तेरा दिवस उलटले आहेत आणि माझा रणगाडा अजून कोणी ओढून नेलेला नाही, असे मी गृहीत धरले. तेरा दिवसांत सोडलेले पाणी बरेचसे जिरते आणि फक्त खोल चाकोऱ्यांत उरते. वरचा गाळ वाळून तडकतो, पण त्याखाली ओल असते. चिरडलेला ऊस पिवळसर होतो आणि उभा ऊस हिरवाच असतो. रंगाचा सगळा आराखडा मी या तीन वाक्यांवरून काढला. आपणही आपला दिवस ठरवल्यावर अशी चार-पाच वाक्ये कागदावर लिहून समोर भिंतीला लावावीत.

प्रमाण, पाया आणि मांडणी

प्रमाणाचे दोनच पर्याय व्यवहार्य आहेत, १:३५ (खऱ्याच्या पस्तिसावा हिस्सा) आणि १:७२. घरात जागा कमी असेल तर १:७२ घ्यावे. त्यात पॅटन साधारण १२ सेंटीमीटरचा होतो. पण ऊस, भेगा आणि काडतुसांची टरफले हे बारकावे दाखवायचे असतील तर १:३५ला पर्याय नाही. या प्रमाणात एम-४८ पॅटनची रुंदी सुमारे साडेदहा सेंटीमीटर, उंची ९ सेंटीमीटरच्या आसपास आणि तोफेसह लांबी २५ सेंटीमीटरच्या जवळपास येते. त्यामुळे पाया किमान ३० गुणिले ४० सेंटीमीटरचा हवा.

रणगाड्याच्या मॉडेलचा, जोडून करायचा प्लास्टिकचा संच निवडताना एक काळजी घ्यावी. बाजारात सहज मिळणारा तामिया कंपनीचा १:३५ प्रमाणातील संच एम-४८ए३चा आहे. तो डिझेल इंजिनाचा, व्हिएतनामच्या काळातील प्रकार आहे. त्याच्या इंजिनावरचे झाकण आणि मागच्या जाळ्या १९६५च्या पेट्रोल इंजिनाच्या पॅटनपेक्षा वेगळ्या आहेत. इटालेरी कंपनीचा एम-४७ मिळाला तर तो या लढाईला चालतो, कारण पाकिस्तानकडे एम-४७ आणि एम-४८ हे दोन्ही होते. दोघांतला फरकही ओळखता आला पाहिजे. एम-४७चा बुरूज (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) लांबट असून मागे निमुळता होत जातो आणि त्याच्या पुढच्या चिलखतात मशीनगनची जागा असते. एम-४८चा बुरूज कासवाच्या पाठीसारखा गोल असतो आणि पुढची मशीनगन नसते. शक्य असेल त्याने काम सुरू करण्याआधी अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय पाहून यावे. जळगाव-भुसावळकडून मनमाडमार्गे रेल्वेने जाता येते. खऱ्या पॅटनशेजारी उभे राहिल्यावर त्याच्या ओतीव पोलादाचा खडबडीतपणा लक्षात येतो. संचातले प्लास्टिक गुळगुळीत असते, म्हणून मी बुरुजावर पातळ केलेली पुट्टी जुन्या ब्रशने टोचून टोचून लावतो आणि वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवतो.

पायासाठी १२ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड घ्यावा. दोन्ही बाजूंना आणि कडांना वॉर्निशचे दोन हात दिल्याशिवाय त्यावर काहीही चिकटवू नये. ओली माती आणि फेविकॉल यांचे पाणी लाकडात शिरले की प्लाय पोटातून वाकतो, आणि वाकलेल्या पायावरची जमीन पुढे महिनाभर तडकत राहते. त्यावर थर्माकोल किंवा त्याहून दाट असलेल्या फोमचे दोन थर बसवावेत. थर्माकोल फ्रीज-टीव्हीच्या खोक्यांतून फुकट मिळतो, पण त्याचे दाणे सुटतात. दाट फोम मिळत असेल तर तोच घ्यावा. थर्माकोलवर स्प्रेचा रंग किंवा थिनर थेट लागू देऊ नये, तो वितळून खड्डे पडतात. गरम तारेने कापताना खिडकी उघडी असावी, त्याचा धूर छातीत जाणे चांगले नाही.

रणगाडा पायाच्या कडेला समांतर ठेवू नये. थोडा तिरका ठेवला की त्याचा प्रवास दिसतो: तो कुठून आला, कुठे वळण्याचा प्रयत्न केला आणि कुठे थांबला. मी तो उजव्या बाजूला ठेवला, मागे दोन चाकोऱ्या सोडल्या आणि डावीकडचा जवळजवळ अर्धा भाग ऊस व मोकळी जमीन यांना दिला. ज्या जागेवरून माणसे निघून गेली आहेत, तिथे रिकामी जमीन भरपूर हवी. नव्या हातांना ती भरून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा.

माती

या कामात मी सर्वांत जास्त चुका मातीत केल्या, म्हणून इथे जरा थांबतो.

माझ्या पहिल्या डायोरामासाठी मी घरच्या शेतातली काळी माती आणली होती. फेविकॉलमध्ये कालवून ती पसरली आणि तिसऱ्या दिवशी ती बोट जाईल एवढ्या भेगा पाडून पायापासून सुटून वर आली. काळ्या मातीत फुगणारी आणि आकसणारी चिकणमाती भरपूर असते. उन्हाळ्यात आपल्या रानात पाय अडकेल अशा भेगा पडतात त्या याच कारणाने. शिवाय ती असल उत्तरला शोभत नाही. पंजाबची ती जमीन नद्यांनी आणलेल्या गाळाची, फिकट तपकिरी रंगाची आहे. त्यासाठी आपल्याकडे तापीकाठची पिवळसर पोयट्याची माती उत्तम आहे. पोत आणि रंग दोन्ही जवळचे येतात. त्यात सापडणारे चुनखडीचे बारीक खडेसुद्धा उपयोगाचे आहेत.

माती आणल्यावर ती पाण्यात ढवळून जरा थांबावे. जाड वाळू तळाशी बसते. वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे आणि ते निवळू द्यावे. तळाशी बसलेला लोण्यासारखा गाळ वेगळा वाळवून ठेवावा, भेगांसाठी तो लागणार आहे. उरलेली माती वाळवून चहाच्या गाळणीतून चाळावी आणि जुन्या तव्यावर पंधरा-वीस मिनिटे चांगली तापवावी, म्हणजे तिच्यातील गवताचे बी आणि किड्यांची अंडी मरतात. मी एकदा हे केले नव्हते. पावसाळ्यात काचेच्या पेटीत खरे गवत उगवले.

जमिनीचा मूळ थर कागदाच्या लगद्याचा करावा. आपल्या आज्या मेथी घालून कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करीत, त्याच पद्धतीने वर्तमानपत्र दोन दिवस भिजवून, कुटून, पिळून घ्यावे. मेथीऐवजी फेविकॉल घालावा आणि जमिनीचे पोट भरावे म्हणून त्यात पाव हिस्सा चाळलेली वाळू मिसळावी. खळीला कसर लागू नये म्हणून पुस्तकबांधणीवाले मोरचूद घालतात, त्याची चिमूट लगद्यातही घालावी. मात्र मोरचूद विषारी आहे, स्वयंपाकाचे भांडे त्यासाठी वापरू नये आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नये. हा थर सात-आठ मिलिमीटरपेक्षा जाड नको. रणगाडा जिथे रुतायचा आहे तिथला फोम आधीच कोरून ठेवलेला असावा.

रुतवायचे किती, याचेही गणित आहे. एम-४८चे पोट जमिनीपासून सुमारे ४० सेंटीमीटर वर असते. १:३५मध्ये ते ११ ते १२ मिलिमीटर होते. चाकांभोवतीचे लोखंडी पट्टे तेवढे खाली गेले की रणगाडा पोटावर टेकतो, पट्टे नुसते फिरतात आणि यंत्र संपते. म्हणजे पट्टे १२ मिलिमीटर खोल आणि पोट चिखलाला चिकटलेले, हीच रुतलेल्या पॅटनची खरी स्थिती आहे. केवळ चार-पाच मिलिमीटर रुतलेला रणगाडा सहज निघून जाईल असा दिसतो. मागचा भाग पुढच्यापेक्षा थोडा अधिक खाली घ्यावा, कारण पट्टे फिरवत राहिल्याने मागची माती उपसली जाते.

चिखल कसा उचलला जातो हे पाहण्यासाठी मी श्रावणात काळ्या रानात फसलेल्या ट्रॅक्टरचे बरेच फोटो काढले. चाकोरीतली माती नाहीशी होत नाही. ती दोन्ही बाजूंना उंच वाफ्यासारखी उठते, चाकामागे ओंजळीएवढ्या ढेकळांची रास पडते आणि चाकोरीच्या भिंतीवर चाकाच्या खाचांचे घासलेले ठसे राहतात. काळ्या आणि पिवळ्या मातीत हे सारखेच घडते, फरक रंगाचा आणि भेगांचा. एम-४८चा पट्टा सुमारे ७१ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणून आपली चाकोरी २ सेंटीमीटर रुंद हवी. लगदा अर्धवट ओला असताना संचातल्या पट्ट्याचा जादा तुकडा तेलाचे बोट लावून दाबावा. ठसा सगळीकडे स्पष्ट नको. जिथे पट्टे जागेवर फिरले तिथे तो पुसला गेला पाहिजे.

आता भेगा. गाळ पाण्यात दह्याएवढा पातळ कालवावा आणि त्यात फेविकॉलचे दोन-तीन थेंबच घालावेत. फेविकॉल जास्त झाला की भेगा पडत नाहीत. थर एक ते दीड मिलिमीटरचा हवा. थर जितका पातळ, तितके भेगांचे तुकडे लहान, हा नियम इथे आपल्या उपयोगी येतो, कारण प्रत्यक्षातला वीतभर तुकडा आपल्याकडे जेमतेम सहा मिलिमीटरचा असायला हवा. हे काम एप्रिल-मेच्या दुपारी करू नये. जळगावचा पारा ४५ अंशांवर गेलेला असताना थर वरून लगेच वाळतो, कडा पापडासारख्या वर वळतात आणि तुकडे निघून येतात. संध्याकाळी पसरून वर ओले फडके ताणून रात्रभर सावकाश वाळू द्यावे. पूर्ण वाळल्यावर पाण्यात एकास पाच या प्रमाणात पातळ केलेला फेविकॉल ड्रॉपरने कडेकडेने सोडावा; तो भेगांतून आपोआप आत ओढला जातो. भेगा सगळ्या पायावर नकोत. पाणी आधी जिथून ओसरले त्या उंचवट्यांवर त्या असाव्यात, आणि चाकोरीकडे येता येता जमीन गडद व गुळगुळीत होत जावी.

चाकोरीतले पाणी

पाण्यासाठी दोन भागांचे इपॉक्सी रेझिन वापरतो. प्रमाण डब्यावर दिलेले असेल तसे, वजनाने असेल तर वजनाने आणि मापाने असेल तर मापाने, अगदी काटेकोर घ्यावे. अंदाजाने मिसळलेले रेझिन महिनोन्महिने चिकट राहते. गढूळपणासाठी त्यात कच्च्या तपकिरी रंगाचा सुईच्या टोकाएवढा ठिपका पुरतो. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर ओतू नये, कारण घट्ट होताना ते तापते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर कपातच उकळायला लागते. हातमोजे घालावेत, खोली हवेशीर असावी. ओतण्याआधी चाकोरीचा तळ फेविकॉलच्या दोन हातांनी बंद करावा, नाहीतर मातीतली हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर येत राहते.

तेरा दिवसांचे पाणी काठोकाठ भरलेले नसते. चाकोरीच्या निम्म्या खोलीपर्यंत ते आणावे आणि पूर्वी ते जिथपर्यंत होते तिथे भिंतीवर फिकट रेषा काढावी. पाण्याच्या लगतची सेंटीमीटरभर माती चकचकीत वॉर्निशने ओली करावी व पुढे मंद वॉर्निश मिसळत न्यावे. एका चाकोरीत पाण्यावर तेलाचा इंद्रधनुषी तवंग दाखवायचा असेल तर तो एकाच जागी, इंजिनाच्या बाजूला आणि नखाएवढा असावा.

ऊस

उसाशिवाय ही रणभूमी पूर्ण होत नाही, आणि तयार ऊस कुठेही विकत मिळत नाही. सप्टेंबरमधला ऊस दोन ते तीन मीटर उंच असतो, म्हणजे आपल्याकडे सहा ते साडेआठ सेंटीमीटर. खऱ्या कांडीची जाडी अडीच-तीन सेंटीमीटर धरली तर मॉडेलमध्ये ती एक मिलिमीटरपेक्षाही कमी होते. नारळाच्या खराट्याच्या हिराचे टोकाकडचे निमुळते भाग या मापाला बरोबर बसतात. प्रत्येक काडीवर तीन-चार मिलिमीटरवर फिकट रंगाची बारीक रेघ देऊन पेरे दाखवावेत. कंटाळवाणे काम आहे, पण या रेघांमुळेच काडीचा ऊस होतो.

पानांसाठी केळीच्या वाळलेल्या सोपटाचा पातळ पापुद्रा किंवा साधा पातळ कागद वापरता येतो. मी दोन्ही वापरतो: हिरव्या पानांना कागद, वाळलेल्या पाचटाला सोपट. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत सोपट मागाल तेवढे मिळते आणि त्याचा मूळ रंगच पाचटाचा असतो. कागद आधी दोन्ही बाजूंनी रंगवून घ्यावा, मग एक ते दीड मिलिमीटर रुंद आणि तीन ते चार सेंटीमीटर लांब अशा टोकदार पट्ट्या कापाव्यात. प्रत्येक पट्टी मधोमध नखाने दुमडून शिर उमटवावी. तिच्यामुळे पान आधी वर उठते आणि मग टोकाकडे झुकते, जसे खऱ्या उसाचे होते. काडीला खालच्या बाजूला दोन वाळलेली आणि शेंड्याला पाच-सहा हिरवी पाने पुरतात.

सरींमधले अंतर दोन ते अडीच सेंटीमीटर ठेवावे. दहा सेंटीमीटर चौरस तुकड्याला मला जवळपास दीडशे काड्या लागल्या आणि त्यांना तीन आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या. म्हणून ऊस फक्त मागच्या कडेला आणि एका कोपऱ्यात ठेवावा, आणि पायाच्या कडेवर तो सरळ कापल्यासारखा संपू द्यावा, म्हणजे शेत पुढेही पसरलेले आहे असे वाटते.

रणगाडा ज्या वाटेने आला तिथला ऊस चिरडलेला हवा, आणि तो सगळा एकाच दिशेला, प्रवासाच्या दिशेला, झोपलेला हवा. काडी पट्ट्याखाली सापडते तिथे चपटी होते, म्हणून हीर पकडीने चेपून घ्यावा. तेरा दिवसांनंतर या उसाचा रंग गवती पिवळा झालेला असतो, पण जमिनीलगत ओलावा असल्याने बुंध्याकडे काळपट बुरशी आलेली असते. उभ्या उसाचा हिरवा आणि आडव्या उसाचा पिवळा एकमेकांना लागून आला की गेलेले दिवस न सांगता कळतात.

गवतासाठी सुतळीचे उकललेले तंतू, बांधाच्या एकाकी झाडासाठी पऱ्हाटीचे मूळ. कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्यांच्या मुळांत बाभळीच्या वाकड्या खोडाचा आकार आयता मिळतो, आणि बाभूळ पंजाबच्या त्या भागातही आहे. पानोळ्यासाठी स्पंज हिरव्या रंगात भिजवून, वाळवून, बारीक चुरावा. खसखस, रवा, चहापत्ती यांपैकी काहीही वापरू नये. माझ्या एका मॉडेलमधली खसखशीची वाळू मुंग्यांनी दोन रात्रींत वाहून नेली.

रणगाड्याला आलेला काळ

आधी हे ठरवावे की आपला रणगाडा जळालेला आहे की नुसता सोडलेला. दोघांचे रंगकाम पूर्ण वेगळे आहे आणि बहुतेक मॉडेलांत इथेच घोटाळा होतो.

नुसता सोडलेला रणगाडा तेरा दिवसांत गंजत नाही. त्याचा शेवाळी हिरवा रंग शाबूत असतो. फक्त जिथे बूट घासून रंग उडालेला आहे, जिथे गोळ्यांनी ओरखडे काढले आहेत आणि पट्ट्यांच्या ज्या कडा जमिनीवर घासून चकाकत होत्या, तिथे नारिंगी गंजाची पातळ साय येते. रुतून सोडलेल्या पॅटनची खरी खूण म्हणजे उघडी झाकणे. माणसे घाईने उतरली, ती झाकणे लावत बसली नाहीत. बाजूच्या चिलखतावर चिखलाच्या हातांचे आणि बुटांचे ठसे असावेत, वरून खाली घसरलेले.

जळालेल्या रणगाड्याचे तसे नाही. आगीत रंग जळून पोलाद उघडे पडते आणि त्यावर काही दिवसांतच एकसारखा नारिंगी गंज चढतो. रस्ताचाकांवरचे, म्हणजे पट्ट्यांच्या आत फिरणाऱ्या मोठ्या चाकांवरचे, रबर जळून जाते, त्याची पांढुरकी राख उरते आणि चाकांचा घेर कमी होतो. चाकांना स्प्रिंगसारखे पेलणारे पिळाचे दांडे (टॉर्शन बार) तापून ताण हरवतात, त्यामुळे संपूर्ण धड खाली बसते. जळालेला पॅटन दाखवायचा असेल तर चाकांवरचे रबर खरवडून काढावे आणि धड दोन-तीन मिलिमीटर खाली घ्यावे. एवढे न करता नुसता काळा आणि नारिंगी रंग फासलेला रणगाडा जळालेला दिसत नाही.

मी सोडलेला पॅटन केला. क्रम असा ठेवला: राखाडी प्रायमर, त्यावर खोबणींत गडद तपकिरी, मग शेवाळी हिरवा तीन पातळ हातांत, वरच्या सपाट भागांवर त्याच हिरव्यात थोडा पिवळसर पांढरा मिसळून उन्हाने विटलेली छटा. टवके दाखवण्यासाठी जिथे हवे तिथे आधी गंजाचा रंग देऊन त्यावर पाण्याने ओलसर केलेले मिठाचे खडे चिकटवले, वर हिरवा रंग दिला आणि वाळल्यावर मीठ ब्रशने झाडले. गंजाची पूड विकत घेण्याची गरज नाही. अंगण सारवताना कड काढायला वापरतो तो गेरू म्हणजे लोहाची ऑक्साइडयुक्त मातीच आहे. तो वस्त्रगाळ करून त्यात चिमूटभर काजळी मिसळली की जुना गंज, आणि थोडी पिवळी माती मिसळली की ताजा गंज तयार होतो. थिनरमध्ये कालवून सुईसारख्या ब्रशने लावावा.

शेवटी जमिनीसाठी वापरलेल्या मातीचीच वस्त्रगाळ पूड थिनरमधून पट्ट्यांना, चाकांना आणि चिलखताच्या खालच्या अर्ध्याला द्यावी. रणगाडा आणि जमीन यांची माती एकच असली की दोन वेगवेगळ्या वस्तू एकत्र ठेवल्याचा भास जातो. वॉर्निशचा स्प्रे पावसाळी दमट हवेत मारू नये. त्यावर दुधी पडदा येतो आणि तो काढता येत नाही.

जे मागे राहिले

सोडलेल्या रणभूमीत माणसांच्या मूर्ती ठेवू नयेत, आणि मृतदेह तर नाहीच. या जागी खरी माणसे लढली आणि मेली आहेत. त्यांची शरीरे दोन इंचांच्या प्लास्टिकमध्ये मांडणे मला मान्य नाही. त्यांनी मागे ठेवलेल्या वस्तू पुरेशा बोलक्या असतात, आणि त्या नेमक्या असाव्या लागतात.

चौथ्या ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटर रिकॉइललेस तोफेने येथे पॅटन रणगाडे फोडले आणि १० सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. जीप न दाखवताही ती जागा दाखवता येते. या तोफेच्या काडतुसाचे टरफल भोकाभोकांचे असते, कारण स्फोटाचा वायू त्या भोकांतून मागे सुटतो आणि त्यामुळेच तोफेला धक्का बसत नाही. त्याची लांबी सुमारे ६० सेंटीमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये १७ मिलिमीटर. पातळ पितळी नळीचे तेवढे तुकडे कापून त्यांना सुईच्या ड्रिलने ओळीने भोके पाडावीत. मी उसाच्या कडेला अशी तीन टरफले ठेवली, त्यांच्याजवळ जीपच्या टायरची अरुंद, उथळ चाकोरी काढली, आणि तोफेच्या मागे सुटणाऱ्या झोताने जिथला ऊस झोपतो आणि करपतो तेवढा पंख्याच्या आकाराचा तुकडा काळपट तपकिरी केला. तो झोत रणगाड्याच्या विरुद्ध दिशेला जातो हे विसरू नये. टरफले, चाकोरी आणि करपलेला ऊस एका रेषेत आले की तोफ कुठे उभी होती आणि तिचा नेम कुठे होता हे समजते.

पॅटनच्या बाजूला त्याच्या ९० मिलिमीटर तोफेची दोन-तीन साधी, भोके नसलेली टरफले, एक आडवा जेरीकॅन, उलटे पडलेले एक शिरस्त्राण आणि चिखलात अर्धे गाडले गेलेले ताडपत्रीचे बोचके एवढे मी ठेवले. ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर फेविकॉलच्या पाण्यात भिजवून वळावा. तोफगोळ्यांचे खड्डे दोनच आहेत, प्रत्येकी तीन-चार सेंटीमीटर रुंद, आणि पाणी भरलेल्या जमिनीत ते कोरडे राहत नाहीत म्हणून दोन्हींच्या तळाशी रेझिनचे डबके आहे.

सगळे बसवून झाल्यावर पायाच्या कडा काळ्या रंगाने एकसारख्या कराव्यात आणि काचेची किंवा अ‍ॅक्रिलिकची पेटी करून घ्यावी. आपल्याकडे वैशाखातल्या वावटळींची धूळ बंद खोलीतही येते, आणि १:३५च्या जगात ती धूळ खऱ्या मातीसारखी न दिसता कापसाच्या लोळासारखी दिसते. पेटीच्या आत डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. त्यांची वाफ थर्माकोल मऊ करते. पेटी खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नये, कारण उसाचा हिरवा रंग दोन उन्हाळ्यांत पिवळा पडतो, आणि मग समोरचा दिवस २३ सप्टेंबर राहत नाही.